आईला काय आवडायचं

महाड,
६ सप्टेंबर १९८१

चि. यशोधरा हिस,
अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. सावित्री नदीच्या पुराचं पाणी यंदा बाजारपेठेत दोनदा येऊन गेलं, आपल्या आळीपर्यंत आलं नाही. मी बरा आहे.

बाबा, जेवता का, असं तू दर पत्रात विचारतेस. जेवतो. भूक लागते असं नाही. बारा वाजले की जेवतो, शाळेतली सवय. भात जमतो. तांदळाची भाकरी जमत नाही. शेजारची सोनाबाई दारात उभी राहून शिकवते. म्हणते, गुरुजी, पानी खळखळू द्या, मंग पीठ घाला, नि हात भाजंल म्हनून भिऊ नका. हात भाजतो तो भाजतोच, वर परातीतून तव्यावर जाईपर्यंत भाकरीचे तालुके वेगळे होतात. सरकारने कुलाब्याचा रायगड केला, पण मला अजून कुठलाच जिल्हा धड थापता आलेला नाही. जन्मभर फळ्यावर नकाशे काढले, त्याचा इथे काडीचा उपयोग नाही.

आता मुद्द्याचं. येत्या दहा जानेवारीला तुझ्या आईला जाऊन वर्ष होईल. पुण्यानुमोदनाला मंडळी येतील. सगळे म्हणतात, आचारी सांगा. मी ठरवलं आहे की त्या दिवशीचा स्वयंपाक मीच करायचा. फोटोपुढे तिच्या आवडीचं ताट ठेवायचं असतं, ते भाड्याच्या हाताचं नको. म्हणून तर हा खटाटोप. तेव्हा एवढं कळव की तिला सर्वांत जास्त काय आवडायचं. मला वाटतं, सुकट आणि वांगं. दर रविवारी करायची. तरी मुलीला अधिक माहीत असतं, म्हणून विचारून घेतो.

बाकी मनाचं विचारशील तर तिथे काही हलत नाही. सकाळ होते, स्टोव्ह पेटवतो, दिवस जातो. जावईबापूंना जयभीम सांग. आठवण ठेवतेस तशीच ठेव.

तुझा,
बाबा


विक्रोळी, मुंबई
१९ सप्टेंबर १९८१

ती. बाबांस,
यशोधराचा सविनय जयभीम. वि. वि.

बाबा, सुकट-वांगं तुम्हाला आवडतं! रविवारी तुम्ही घरी असायचात म्हणून आई ते करायची. एवढे गुरुजी, आणि पहिल्याच प्रश्नाला भोपळा. आईला शेवयांची खीर आवडायची. मी घरी आले की पहिल्या दिवशी हटकून करायची, मग चुलीपाशी बसून मला बघत राहायची.

स्वयंपाक शिकायचाच तर इथे या. आमच्या मजल्यावर येसूबाईंकडे टीव्ही आलाय. बायकांच्या कार्यक्रमात पदार्थ करून दाखवतात, तेव्हा सगळा मजला चटया घेऊन तिथे जमतो. दाखवणारी बाई रेशमी साडी नेसून, मनगटात घड्याळ घालून कणीक मळते. कपाळावर घामाचा थेंब नाही. कांदा आधीच चिरलेला, मसाला आधीच वाटलेला, सगळं काचेच्या इवल्या वाट्यांतून मांडलेलं. त्या वाट्या नंतर कोण घासतं, हे काही दाखवत नाहीत. परवा म्हणाली, कांदा गुलाबी होईपर्यंत परता. बाबा, येसूबाईंचा टीव्ही काळा-पांढरा! आम्ही सगळ्या डोळे ताणून बघतोय, कांदा राखाडीचा राखाडी. येसूबाई म्हणाल्या, हिच्या घरी कांदा करपत असणार, म्हणून तर इथे येऊन करते.

एक बातमी सांगायची राहिली. मला दिवस गेलेत. मार्चात बाळंतपण आहे. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, पण सासूबाई म्हणतात, तिथे आता कोण आहे करायला, इथेच होऊ दे. खरं आहे ते. आनंद व्हायला हवा तसा होत नाही, का ते कळत नाही. जानेवारीत डॉक्टर एसटीचा प्रवास करू देतील असं वाटत नाही.

खीर करा. आणि आम्हाला विसरू नका.

तुमची,
यशोधरा


पोलादपूर
१४ ऑक्टोबर १९८१

भावोजींना भिकूचा जय भीम.

तुमचा कार्ड भेटला. हिकडं समदी बरी हायत. भात कापनीला आलाय, रानडुकरांनी एक वाफा घालवला.

तुम्ही इचारलाव का बायला काय आवडायचा. आता मीच तिचा सख्खा भाऊ, मला ठावा नसंल तर कुनाला. बायला कडव्या वालाचा बिरडा आवडायचा. एकदम फस क्लास करायची. आय वाल भिजत घालायची, मोड आलं का बाय सोलीत बसायची, बोटं काळी व्हायची तिची. पन इतकी मायेची, का आपल्या वाट्याचा पन माझ्या ताटात घालायची. म्हनायची, मला नको, तूच खा रे. म्हनून मी खात्रीनं सांगतो, बिरडाच घाला. वाल मी घरचे घेऊन येतो, तुम्ही इकत घेऊ नका.

तुम्ही सोता रांधताव हे आयकून आमच्या घरात हसली. मी नाय हसलो. या एकदा हिकडं. आपला येना-जाना मोडू नका.

तुमचा,
भिकू


विक्रोळी
२२ नोव्हेंबर १९८१

ती. बाबांस,
स. जयभीम. वि. वि.

मामाचं पत्र तुम्ही पाठवलंत ते वाचलं. लगेच उत्तर लिहायचं राहून गेलं.

काल टीव्हीवर तीच बाई होती. चीज, मैदा, फ्लॉवर असं काहीतरी थराथरांनी रचून भट्टीत घातलं, आणि लगेच दुसरीकडून आधीच भाजलेलं बाहेर काढलं. आमच्याकडे भट्टी कोणाकडे आहे? तरी सगळ्या बघत होत्या. शेवटी टीव्हीतच तिच्या बाजूला बसलेल्या मुलीने तिला विचारलं की एवढं सगळं करता, पण तुम्हाला स्वतःला काय आवडतं. ती बाई एक क्षण थांबली नाही. म्हणाली, मला ना, ऊन ऊन भात आणि मेतकूट. येसूबाई म्हणाल्या, बघा, आपल्याला चीज आणि हिला मऊ भात! खोलीभर हशा पिकला. मला हसू आलं नाही. रडूही आलं नाही. कार्यक्रम संपून बातम्या लागल्या तरी मी तशीच चटईवर.

बाबा, मामाला बिरडं आवडतं. तुम्हाला सुकट. खीर मला आवडते. आपण तिघांनी आपापलंच सांगितलं. काल घरी येऊन मी पुष्कळ आठवून पाहिलं. आईच्या हातात पळी दिसते, उलथनं दिसतं, भाकरीचं पीठ दिसतं. तोंडात घास दिसतच नाही. आम्ही उठल्यावर ती आत बसायची. काय खात होती, कोण जाणे.

सोनाबाईंना विचारा. त्या दोघी बाजाराला बरोबर जायच्या. मला त्याशिवाय चैन पडणार नाही. तब्येतीला जपा, हेच मागणं.

तुमची,
यशोधरा


महाड,
९ डिसेंबर १९८१

चि. यशोधरा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या टीव्हीवरच्या बाईला फार नावं ठेवू नकोस. पदार्थ आधीच करून ठेवते म्हणतेस. तपासणीला साहेब यायचे तेव्हा आम्ही तेच करायचो. पाढे येणारी पोरं पुढच्या रांगेत. माझी भाकरी आता तव्यापर्यंत अखंड जाते. फुगत नाही.

सोनाबाईला विचारलं. आधी म्हणाली, तुमाला राग येल गुरुजी. येणार नाही म्हटलं, तेव्हा बसली. बाजाराच्या दिवशी सुकट-जवळा घेतला की त्या दोघी एसटी स्टँडसमोर हैबतीच्या हॉटेलात मागच्या बाकावर बसायच्या. असेल ते घ्यायच्या. कधी भजी, कधी गार झालेला वडा, एकदा तर नुसता पाव आणि पातळ रस्सा. तुझी आई अगदी सावकाश खायची. सोनाबाईने एकदा विचारलं, का गो, येवढा काय हाय त्या गार भज्यात? तर म्हणाली, मी केलेली नाय, म्हनून.

मी विचारलं, म्हणजे तिला भजी आवडायची तर. सोनाबाई म्हणाली, भजीचा कायसुदीक नाय गुरुजी, पुढ्यात आयता आला का कायपन गोड लागायचा तिला, फकस्त मधी उठाया लागू नये.

ऐकून घेतलं. तिला चहा करून दिला. साखर घातली नव्हती, हे तिने कप ठेवताना सांगितलं.

तुझ्या वेळचे तिचे डोहाळेही मला सांगता येणार नाहीत. मी तेव्हा तुडीलच्या शाळेवर होतो, ती पोलादपूरला माहेरी. भिकूला विचारण्यात अर्थ नाही. तो पुन्हा बिरडंच सांगेल.

आता ताटात काय ठेवायचं ते ठरत नाही. तू जड उचलू नकोस. सासूबाईंना जयभीम. लोभ आहेच.

तुझा,
बाबा


महाड,
१२ जानेवारी १९८२

चि. यशोधरा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

परवाचा दिवस पार पडला. वंदना झाली, भन्ते थोडक्यात पण चांगलं बोलले. तू नव्हतीस म्हणून सगळ्यांनी चौकशी केली.

आदल्या दिवशी सोनाबाईने फार लावून धरलं की हैबतीकडची भजी आणून ठेवा. मी गेलो. मागच्या बाकावर बसलो, चहा घेतला आणि तसाच परत आलो. भजी आणली असती तर ती हैबतीने केलेली झाली असती, माझ्या हातची नव्हे. सकाळी मी भात, डाळ, भिकूच्या वालांचं बिरडं आणि भाकऱ्या केल्या. कोणाला चुलीजवळ येऊ दिलं नाही. ताटात बरी दिसणारी भाकरी ठेवली आणि फोटोपुढे ठेवून म्हटलं की जानकी, हे तू केलेलं नाही, मी केलंय. मंडळींना ऐकू गेलं. जाऊ दे.

पहिली पंगत बायकांची बसवली. भिकूच्या घरच्या बसेनात, म्हणाल्या पुरुष उपाशी नि आमी कशा बसू. सोनाबाई पहिली बसली, मग बाकीच्या. मी वाढत होतो. दुसरी पंगत पुरुषांची. कोणी मीठ मागितलं, कोणी पाणी, भिकूने तीनदा बिरडं. सगळे उठल्यावर मी आत जाऊन बसलो. बिरडं संपलं होतं. डाळीचं पातेलं भाकरीने पुसून खाल्लं. खाताना दोनदा हाक आली, दोनदा उठलो. बाहेर सगळे म्हणत होते, गुरुजींनी झकास केलं. मी काय जेवलो, हे कोणी विचारलं नाही. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. पोटभर जेवलेल्या माणसाला ते सुचत नाही.

तुझे दिवस भरत आले. शाळेतून सुटलो आहे, घराला कुलूप लावलं तर कोणाचं अडत नाही. मार्चात मी तिकडे येतो. बाळंतिणीचं जेवण सोनाबाईकडून शिकून घेतो आहे. सासूबाईंना विचारून ठेव, त्यांच्या स्वयंपाकघरात पुरुष चालेल ना. आणि तुला काय खावंसं वाटतं, तुला स्वतःला काय आवडतं, ते नीट लिहून पाठव. उलट टपाली.

वाट पाहतो.

तुझा,
बाबा


विक्रोळी
३० जानेवारी १९८२

ती. बाबांस,
स. जयभीम. वि. वि.

उलट टपाली लिहायला सांगितलंत आणि मी इतके दिवस लावले. रागावू नका. पत्र घेऊन रोज बसत होते.

पहिल्या दिवशी लिहिलं, पापलेटचं कालवण. मग लक्षात आलं, ते ह्यांना आवडतं. खोडलं. दुसऱ्या दिवशी कोथिंबीरवडी लिहिली. ती धाकट्या दिरांची. शेवयांची खीर लिहिणार होते, पण आई गेल्यापासून मी ती केलेली नाही, आणि आता आवडते की नुसती आठवते, ते सांगता येत नाही. शेवटी सासूबाईंना विचारलं की मला काय आवडतं हो. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, तुला काय, तुला सगळंच आवडतं, तुझं एक बरं आहे. चांगल्या मनाने म्हणाल्या. ह्यांना विचारलं, तर ते म्हणाले, पापलेट.

बाबा, लग्नाला चार वर्षं झाली. मला काही आठवत नाही.

सासूबाई तयार आहेत. पुरुषाने चुलीपाशी बसणं म्हणजे टीव्हीच झाला घरात, असं म्हणून हसल्या. येसूबाई आत्ताच विचारतायत, गुरुजी कधी येणार.

काय करायचं ते तुम्हीच ठरवा. जाड होईल, करपेल, अळणी होईल, काही बिघडत नाही. तुम्ही या आणि वाढा. मी बसते.

तुमची,
यशोधरा