राउटरचा जळका ठोकळा

शनिवार, ६ एप्रिल

बस झालं! आज वाचनालय बंद करताना राउटरचा प्लगच उपटला. वायर धरून, खस्सकन! मी कुलूप लावून घरी जायचं आणि यांनी बाहेर गाड्या लावून फुकटचं वायफाय ओढत बसायचं. कॉफीचे कप झुडपात, गवतात चाकांचे चर. ते साफ कोण करतं? मी! निघताना एक हिरवी पिकअप आत वळताना दिसली. बसा म्हणावं आता आकाशाकडे बघत. रोज उपटणार.

शनिवार, १३ एप्रिल

आठवडाभर उपटतेय. गाड्या कमी झाल्या! पण तो हिरव्या पिकअपवाला आलाच — अर्वो लाहती, दलदलीपलीकडे एकटा राहतो. दोन वाजत आले असतील, मी आत पुस्तकं लावत होते. काचेवर टकटक. मी आतूनच हात हलवला — बंद! तरी उभा. हातातला फोन वर धरून दाखवतोय. मला काय करायचंय? मागच्या दाराने निघून आले.

गुरुवार, १८ एप्रिल

सकाळी प्लग लावला — फट्! जळका वास. वायरीच्या टोकाचा काळा ठोकळा, तो अ‍ॅडॉप्टर, गेला आणि त्याच्यामागे राउटरही गप्प. आता दिवसाचंही नेट नाही. सगळं गाव माझ्या नावाने शंख करणार!

जिल्हा कार्यालयात ग्रेडीबाईंना फोन केला. "हात लावू नका, लॉरेन. फॉर्म भरा. सहा आठवडे लागतील." सहा आठवडे! मुठीएवढ्या ठोकळ्याला!

शनिवार, २० एप्रिल

दारावर पाटी लावली — नेट बंद. वाचेल तर शपथ! येणारा प्रत्येक जण पाटीखाली उभा राहून विचारतो, नेट कधी येणार? पावणेदोनला अर्वो. टोपी हातात.

"बाई, पंधरा मिनिटांत चालू होईल का?"

"मी काय जादूगार आहे? कार्यालयाला विचारा!"

"बरं," म्हणाला. जाऊन गाडीत बसला. अडीचपर्यंत नुसता बसून होता. कशासाठी, देव जाणे. बघूनच डोकं फिरलं.

मंगळवार, २३ एप्रिल

रेनो आमच्याकडे झाडलोट करतो आणि न विचारता मतं देतो. आज जळका ठोकळा उलटसुलट करून बघत होता. "मानेशी वायर तुटलीय. कुणीतरी रोज वायर धरून ओढलंय." माझ्याकडे न बघता म्हणाला. मुद्दाम!

मी म्हटलं, फुकट्यांना हाकलायला दुसरा उपाय असेल तर सांग.

"अर्वोलाही हाकललंस?"

"तो काय लाटसाहेब लागून गेला? मॅच बघायला येतो."

"मॅच? अगं, मुलगा तुरुंगात आहे त्याचा. शनिवारी दोनला व्हिडिओवर भेट असते. वीस मिनिटं. त्याच्या घरी सिग्नल आहे कुठे?"

मग सांगायचं ना! तोंड शिवलंय का? या गावाचं हे असंच — छप्पर उडालं तरी "ठीक चाललंय" म्हणतील आणि कॉफी ओततील. जेवायला आणलेली पास्टी, खिम्याची मोठी करंजी, तशीच राहिली.

शुक्रवार, २६ एप्रिल

कार्यालय गेलं खड्ड्यात. शनिवारच्या आत चालू करायचंच!

रेनोने बुटांचं खोकं भरून जुने ठोकळे आणले. इथे प्रत्येकाच्या घरी असं एक खोकं असतंच, लागेल कधीतरी म्हणून. पहिलाच उचलून राउटरमध्ये खुपसायला निघाला. "बसतंय की!" मी हात धरला. ड्रिलचा ठोकळा, अठरा व्होल्टचा! बसलं म्हणजे चाललं का रे गाढवा? राउटरही जाळला असता! जुन्या वर्तमानपत्रांसाठीचं भिंग काढलं आणि एकेकावरची मुंगीएवढी अक्षरं वाचत बसले. आपल्याला हवा बारा व्होल्टचा, टोकाच्या मधोमध अधिक. एकाचं सगळं जुळलं, तर अधिक-उणे उलटं! शेवटी रेनोच्या बायकोच्या जुन्या इलेक्ट्रिक पियानोचा निघाला. तंतोतंत.

हिरवे दिवे लागले. आम्ही दोघं खुळ्यासारखे बघत राहिलो. मग मी प्लगवर चिठ्ठी चिकटवली — उपटू नये. कुणासाठी, ते रेनोने विचारलं नाही.

शनिवार, २७ एप्रिल

वाचनालय बंद करूनही थांबले. थर्मासमध्ये दोघांपुरती कॉफी नेली होती. दोन वाजले. तीन वाजले. पिकअप आली नाही! आता नेट आहे तर हा कुठे तडमडला? माणसाने करायचं तरी किती!

सोमवार, २९ एप्रिल

अर्वो पुस्तक परत करायला आला. मी म्हटलं, नेट चालू झालंय, शनिवारी या.

"आता काय उपयोग, बाई. तीन वेळा हजर नव्हतो म्हणून तुरुंगवाल्यांनी भेटच बंद केली. वर्षभर." टोपी घातली. "तुम्ही दुरुस्त केलंत म्हणे. आभारी आहे."

घरी येऊन मागची पानं उलटली. सहा, तेरा, वीस. वीस तारखेचा खाडा ठोकळ्याच्या माथी मारावा म्हटलं, तर ठोकळाही मीच जाळलेला.