भाऊजींची लाल टोपी

ग्वाल्हेर, शुक्रवार, १२ ऑक्टोबर १९५६

संध्याकाळी मुरारचे वकीलसाहेब आले. नव्या राज्याच्या हायकोर्टासाठी आमच्या यांचं नाव वर जायचं आहे, तेच सांगायला. चहा घेताना त्यांची नजर खुंटीवरच्या लाल टोपीवर गेली. ती भाऊजींची.

"जज्जसाहेब, धाकटे बंधू समाजवादी ना? त्यांना वेगळं राहायला सांगा. घरात कोण कुठल्या पक्षाचं, हे वर विचारतात."

हे म्हणाले, "माझे निकाल वाचा म्हणावं. माझ्या घरी कोण जेवतं, ते कशाला?"

वकीलसाहेब चहा तसाच ठेवून गेले. आता कसलं नाव जातंय!

भाऊजींनी आतून सगळं ऐकलं होतं. ते ट्रंक भरायला लागले. "दादा, मी जयेंद्रगंजात खोली बघतो. माझ्यापायी तुझी हायकोर्टाची जजी जायला नको."

हे ट्रंकेतले कपडे काढून फळीवर ठेवत राहिले. ती टोपीसुद्धा झटकून परत खुंटीला लावली. एरवी तिच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत!

मला वाईट वाटलं का? वाटलं. हायकोर्टात बसलेल्या यांना मी मनात कितीदा पाहिलं होतं.

जेवताना दोघे भाऊ पंचवार्षिक योजनेवरून इतके भांडले की आमटी निवून गेली. मी ती गरम करून पुन्हा वाढली. हे आज मला फार आवडले.