मालिकेतल्या पोरीचा पाय

शुक्रवार, २५ जुलै. मु. सावली.

आईची मालिका आत्ताच संपली अन् माझं डोकं सणकलं आहे. त्यातली लंगडी पोरगी काल डावा पाय ओढत होती. आज उजवा! घरात कोणाच्याच ध्यानात आलं नाई. आई तर पदरानं डोळे पुसत बसली होती. पाय कोणता, हे कोण पाहते? सगळ्यांले फक्त तिचं रडणं पाह्यचं असते.

त्या पोरीले पाहाले पाहुणे आले, तर तिच्या आईनं तिले आधीच सोफ्यावर बसवून ठेवलं, पायावर साडी पसरून. झालं, आईले तेवढंच सापडलं. रविवारी माझे पाहुणे येणार आहेत ना! मले म्हणते, "तू बी पहिलेच खुर्चीवर बसून राहजो. चहा वहिनी देते आणून. काऊन चालून दाखवाचं?"

मी म्हटलं, "आई, आठ दिवसांपासून ह्याच पायानं धानाचा रोवणा करून राह्यली ना मी? चिखलात कोणाच्या मागं राह्यली का?"

तिनं उठून टीव्ही बंद केला. टीव्हीतल्या पोरीसाठी रडते अन् आपल्या पोरीले लपवते. मायाच असेल ती. पण मले नको अशी माया.

रविवारी चहाचा ट्रे मीच नेणार. सैपाकखोलीपासून ओसरीपर्यंत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. थोडा चहा बशीत सांडेल, तर सांडू दे. त्यांनी खुशाल पाहावं. पाय डावाच असेल. पोलिओ झाला तेव्हापासून तो एक दिवसही बदलला नाई.