सातव्या खाटेची बेल

२ मार्च
आज सकाळी देवापुढे दिवा लावला आणि वेळेच्या अर्धा तास आधीच दवाखान्यात पोहोचलो. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला नवी नोकरी; आनंद चेहऱ्यावर मावेना. एकोणीस खाटा, प्रत्येकीला बेलचं यंत्र. बेल दाबली की सिस्टरांच्या टेबलावरचा कॉम्प्युटर वाजतो. हे सगळं नेटवर्क आता माझ्याकडे.

५ मार्च
सातव्या खाटेवर एक म्हातारे मास्तर आहेत. त्यांची बेल तीनदा दाबूनही वाजली नाही. खाटेच्या यंत्राला टेबलाचा पत्ता ठाऊक असतो, पण निरोप पोहोचायला त्या कॉम्प्युटरच्या आतल्या नेटवर्क-कार्डाचा कायमचा क्रमांक लागतो. म्हणून ते सगळ्यांना विचारतं, हा पत्ता कोणाचा? जो उत्तर देईल त्याचा क्रमांक काही मिनिटं यादीत ठेवतं. आमच्या गावच्या शाळेतल्या हजेरीसारखंच. "हजर" ऐकू आलं की झालं, गुरुजी मान वर करत नसत. इथे टेबलाऐवजी दुसरंच कोणीतरी उत्तर देतंय. यादी पुसली. दहा मिनिटांत तोच परका क्रमांक परत.

७ मार्च
पालथ्या घड्यावर पाणी. मी पुसतो, तो येतो. सिस्टर म्हणाल्या, "दादा, देवाशी तुमची तार जुळलीय, आमच्या बेलशी कधी जुळणार?"
प्रत्येक खाटेत टेबलाचा खरा क्रमांक हाताने कायमचा लिहिला, तर विचारायचीच गरज उरणार नाही. मोठे डॉक्टर नको म्हणाले. उद्या टेबलावरचा कॉम्प्युटर बदलला तर एकोणीस ठिकाणी खोडत कोण बसणार? बंद करून चालू करा म्हणे. चाळीस वेळा केलंय.

८ मार्च
परका क्रमांक टेबलावर पूर्वी असलेल्या जुन्या कॉम्प्युटरचा निघाला. तो अडगळीत मोडून पडलाय. त्याचं कार्ड काढलं, क्रमांक ताडला. तोच. कार्ड माझ्या तळहातावर होतं, तेव्हा लॅपटॉपवर पाहिलं — सातव्या खाटेने विचारलं.
त्याच क्रमांकावरून उत्तर आलं.

९ मार्च
मास्तर बेल दाबून थकले, स्वतःच उठायला गेले, पडले. डोक्याला सहा टाके. मला जवळ बोलावून म्हणाले, "बेल दाबली की कोणीतरी ऐकतं हो. येत मात्र नाही."
डॉक्टरांना पुन्हा सांगितलं. बघू म्हणाले.

१० मार्च
कोणाला विचारलं नाही. देवाचं नाव घेतलं आणि एकोणीसही खाटांत क्रमांक लिहून टाकला. प्रत्येक बेल दाबून पाहिली. टेबलावरच वाजली. मास्तर हसले.
खाटा आता विचारत नाहीत —
तरी उत्तरं येताहेत. न विचारता. तोच परका क्रमांक म्हणतोय, हा पत्ता माझा. टेबलाचा नव्हे, माझ्या लॅपटॉपचा —
वायर उपटली. तरी —
सिस्टरांनी आत्ता हाक मारली. मी ओ दिली. त्या बोलताहेत मात्र समोरच्या रिकाम्या खुर्चीशी — तिलाच दादा म्हणून —
खाटांतलं लिहिलेलं मात्र मी पुसणार नाही, मी पुस—