छातीतल्या झडपेबाबत

मी, खाली सही करणारी, व्यवसायाने यंत्र अभियंता, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मर्जीने आणि कोणी कानाशी लागलेले नसताना लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला सोबत जोडला आहे. तो मुद्दाम अनोळखी डॉक्टरांकडून घेतला. माझी भाची म्हणते, "मावशी, डोकं ठिकाणावर आहे गं तुझं. मनच नाही." मन तपासणारे यंत्र आम्ही अजून बनवलेले नाही.

याआधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर भाचीला, म्हणजे माझ्या कैलासवासी थोरल्या बहिणीच्या मुलीला. मात्र कलम चार आणि पाच पाळली गेली नाहीत, तर घर मागच्या शेजाऱ्याला जाईल, जो गेली कित्येक वर्षे माझ्या भिंतीला कुत्रा बांधतो. भाचीचे आणि त्या कुत्र्याचे जमत नाही. तेव्हा ती पुढचे नीट वाचेल.

२. बँकेत असेल ते वर्कशॉपमध्ये लेथ चालवणाऱ्या टर्नरना. माझ्या कामाला "छान झालं" असे त्यांनी एकदाही म्हटले नाही. असा माणूस सांभाळावा.

३. मायक्रोमीटर आणि बाकीची हत्यारे भाचीला. भिंग भावोजींना, पण कलम पाच पार पडल्यावरच.

भावोजी म्हणजे ताईचे यजमान, हृदयाचे सर्जन. आम्ही दोघांनी मिळून हृदयाची झडप तयार केली. आमचा नियम एकच होता: जो बनवतो तो तपासत नाही. माझी झडप ते तपासत. ते रबरी नळीवर टाके घालत आणि मी भिंगातून बघे.

"बघ मिस्त्रीण, मोत्यांची माळ आहे की नाही?"

"तिसरा मोती सैल आहे, भावोजी."

ते सगळे उसवत आणि पुन्हा घालत. ताई म्हणायची, "तुमची ओळख माझ्या लग्नात झाली की कोर्टात?"

४. माझ्या हृदयात एक झडप बसवलेली आहे. ती मृत्यूनंतर, अंत्यविधीच्या आधी, काढून तपासावी.

कारण लिहिणे भाग आहे. आमची पहिली झडप ताईला बसवली होती. वर्ष व्हायच्या आत ताई गेली. झडप अडकली की टाके सुटले, हे उघडून पाहिल्याशिवाय कळणार नव्हते. झडप माझी, टाके भावोजींचे. भावोजी म्हणाले, "आता तिला हात लावायचा नाही."

"मग आपल्याला कळणार कसं?"

"झडप ठीक होती. टाके ठीक होते. हृदयच थकलं होतं तिचं."

एका सैल टाक्यासाठी अख्खी शिवण उसवणाऱ्या माणसाने न बघता तीन निदाने केली. तेव्हापासून माझ्या मनात जी पाल चुकचुकली, ती अजून गप्प झालेली नाही.

मी झडपेची कड बदलली. कशाच्या आधारावर, हे कोणी विचारले नाही. ती झडप आज शेकडो लोकांच्या छातीत आहे. भावोजी स्वतः बसवतात.

मग माझेच हृदय बिघडले. मी संशयी आहे, तरी छाती उघडायला भावोजींनाच सांगितले, आणि झडप आपलीच बसवा म्हटले. ऑपरेशनच्या आधी ते खाटेशी आले.

"मिस्त्रीण, दुसऱ्या कंपनीची एक चांगली आली आहे. ती बसवू?"

"का? आपल्या झडपेवर भरवसा नाही?"

"तुझ्यावर आहे."

"मी झडपेचं विचारतेय."

"झोप आता," ते म्हणाले, आणि नळीतून औषध सुरू झाले.

शुद्धीवर आले तेव्हा म्हणाले, "तुझीच बसवली." कागदही तेच सांगतो. कागदावर सही त्यांची आहे. पण माझी झडप टेबलावर खणखणीत वाजायची, आणि ही फार सभ्यपणे वाजते. भाचीने छातीला कान लावला. "मावशी, माणसाच्या आत सगळंच मऊ वाजतं." असेल. ती त्यांची मुलगी आहे.

दुसरीकडे जाऊन छातीचा फोटो काढून घेता आला असता. घेतला नाही. उत्तर कळल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर बसून काम कसे केले असते? म्हणजे ताईच्या वेळी त्यांनी केले तेच मी केले. हे वाक्य खोडावेसे वाटते, पण मृत्युपत्रात खाडाखोड चालत नाही.

५. छाती भावोजींनी उघडू नये, त्यांच्या हाताखालच्यांनीही नाही. शवागारातल्या डॉक्टरीणबाईंशी बोलणे झाले आहे. त्या म्हणाल्या, "अहो, मेल्यावर तरी लोक संशय सोडतात." मला ती घाई नाही.

माझ्या प्रत्येक झडपेच्या कडेवर एक त्रिकोण कोरलेला असतो, त्याचा एक कोपरा बोथट.

त्रिकोण असला, तर वर्कशॉप, ड्रॉइंग आणि झडप बनवण्याचा हक्क भावोजींचा. मग मला माफ करायचे की नाही, ते त्यांचे ते पाहतील.

त्रिकोण नसला, तर त्याच दिवशी झडप बनवणे बंद करावे. ज्यांच्या छातीत ती आहे त्या प्रत्येकाला बोलावून तपासावे. आपल्या माणसाला दुसऱ्याची झडप आणि परक्यांना माझी, हा न्याय मला मान्य नाही. त्यांनी ते मायेपोटी केले असेल. मायेने झडप तपासली जात नाही.

६. अंमलबजावणी भाचीने करावी. बाळ, तुझे बाबा दाराशी येऊन उभे राहतीलच. त्यांना अडवू नकोस, फक्त भिंग देऊ नकोस. झडप पुसून घे, उजेडात धर. त्यांना उत्तर आधीपासून माहीत आहे, आणि तुला ते त्यांच्या चेहऱ्यावर वाचावेसे वाटेल. वर बघू नकोस. कड बघ.

ठिकाण: माझ्या वर्कशॉपमधले तपासणीचे टेबल
दिनांक: शिक्क्यावर आहे तोच
सही: (मृत्युपत्र करणारी)

आम्ही मजकूर वाचलेला नाही. बाईंना आमच्यासमोर सही करताना पाहिले. हात स्थिर होता.

साक्षीदार १: शवागारातील डॉक्टर
साक्षीदार २: कोपऱ्यावरचा औषध दुकानदार