हेडफोनची डावी बाजू

बाबा,
मी दवाखान्यात नंबर लावायला गेलेय. कुकरमध्ये पेज आहे.

डावीकडून आवाज कमी येतो म्हणून तुम्ही गिऱ्हाइकाचा, त्या स्टुडिओवाल्यांचा, आणखी एक हेडफोन खोललात. यंत्रं नीट वागावीत म्हणून शकुनाला ठेवलेला खाऊचा हिरवा पुडाही बदललात. त्या पुड्याला कशाला बोल लावता?

तपासणीची यूएसबी पेटी थेट लॅपटॉपला जोडा. हेडफोन पेटीच्या रबरी कानांवर बसवा, आवाज शून्यापासून हळूहळू वाढवा. पडद्यावर दोन्ही बाजूंच्या रेघा सारख्याच येतील. मी सगळे हेडफोन तपासलेत.

मग तोच हेडफोन उलटा करून, डावी बाजू उजवीकडे येईल असा, स्वतःच्या कानांना लावा. तरीही डावीकडेच कमी ऐकू आलं, तर स्क्रूड्रायव्हर ठेवा आणि कपडे बदलून बसा. स्टुडिओवाल्यांना मी काही कळवलेलं नाही.

टॅक्सीत मी तुमच्या उजवीकडे बसेन.

पेइलिंग