भिंतीआडच्या म्हशी

जासई, ता. ४ एप्रिल २०२५

ती. भामाबायस,
धाकट्या तुळशीरामाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाय, म्हणून लिवतो. गोठ्यामागची कुरणाची वाट बंद झाली. कंटेनर यार्डाची भिंत आता तिन्ही बाजूंनी हाय. म्हशी दिवसभर दावणीला. पाण्यात उतरणं सोड, वळायलाही जागा नाय. पयले भाताचा पेंढा त्यांना नि शेण शेताला जायचं. शेत गेलं, शेणाचा ढीग दारापर्यंत आला. गाभण काजळी उन्हानं धापा टाकते.

आपला निकेश त्याच यार्डात सुपरवायझर. म्हणतो, बाबा, दलालाला देऊन टाका. पल्याडच्या थंड कंटेनरांतून म्हशीचंच मांस परदेशी जातं. त्याचं म्हणणं, जगाची भूक मोठी हाय. मी म्हटलं, आळीतली पोरं आपल्या दुधावर वाढली, ती काय जगाबाहेरची?

तुझ्या भावजयीला अंगावरनं वारं गेल्यापासून वाचा नाय. घास भरवावा लागतो. जीव लावतेस तसाच लाव.
तुळशीराम

नवीन पनवेल, ता. ११ एप्रिल

चि. तुळशीरामास भामाचे भरभरून आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचलं नि ताट बाजूला सारलं. मीही इथे चौथ्या मजल्यावर दावणीलाच आहे. हॉर्न ऐकू येत नाही म्हणून माझा देवेश मला एकटीला खाली सोडत नाही. तुझ्या काजळीला निदान शिंगं तरी आहेत!

कर्नाळ्याच्या पायथ्याच्या ओळखीतल्या बुधाजीला निरोप धाडलाय. त्याच्याकडे ओढा आहे, रान आहे, आणि खताविना नाचणी दरसाल खुरटते. म्हशी तुझ्याच राहतील. दूध त्याचं, वासरं निम्मी-निम्मी. मान खाली घालू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
भामा

जासई, ता. २० एप्रिल

ती. भामाबायस,
शि. सा. न. वि. वि.

म्हशी गेल्या. काजळीनं टेम्पोपुढं बसकणच मारली. निकेश यार्डातून गणवेशातच धावत आला. वाटलं, आता ओरडणार. त्यानं तिच्या पाठीवर बादल्या ओतल्या, गळ्यात हात घालून चढवली, नि तोंड फिरवून कामावर गेला.

बुधाजी म्हणाला, तुमीपण चला, खोपीत जागा हाय. माझा एक पाय टेम्पोत होता. पण घरात ही एकटी. पाय काढून घेतला.

सांजचे पोरं किटल्या घेऊन आली. रिकाम्याच घेऊन परत गेली. रिकामा गोठा झाडतो, परत झाडतो. आठवण धरून ऱ्हा.
तुळशीराम

नवीन पनवेल, ता. ९ मे

चि. तुळशीरामास आशीर्वाद. वि. वि.

नात मनस्वीच्या स्कूटीवर बसून कर्नाळ्याला जाऊन आले. देवेशला सांगितलं, देवळात जाते. काजळी व्याली, रेडी झाली! बाकीच्या ओढ्यात नाकापर्यंत बुडालेल्या. मला ओळखसुद्धा दाखवली नाही. नाचणीच्या माळावर शेणखत पडलंय. पण काजळी बुधाजीला धारेला बसू देत नाही, लाथ झाडते. तू हवास.

तेव्हा सोमवारी मी जासईला येते, आठवडाभर राहायला. देवेश रागावेल, रागावू दे. भावजयीला बोलता येत नाही, मला ऐकू येत नाही. आमचं छान जमेल. घास मी भरवीन. तू पिशवी भरून ठेव. मी दारात आले की चहालाही थांबू नकोस, नीघ.

लोभ आटू देऊ नकोस.
भामा